आधी दोर धरायला शिका

पत्र थोडक्यात असं: ठाण्यात राहणाऱ्या आणि एका पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या ३९ वर्षांच्या वाचक भगिनी मे महिन्यात मुलीला क्लाइंबिंगच्या उन्हाळी शिबिराला ने-आण करत होत्या. शेवटच्या दिवशी पालकांनाही तिथल्या कृत्रिम भिंतीवर 'एकदा चढून बघा' म्हणून सांगितलं. ओढणी कमरेला खोचून त्या चढल्या, निम्म्याहून वर गेल्या, मग बोटं वळेनाशी झाली. खाली नजर गेली तसे पाय लटपटायला लागले. 'खाली उतरल्यावर स्कूटरची किल्लीसुद्धा फिरवता येत नव्हती,' असं त्या लिहितात. पण त्या दिवसापासून ती भिंत डोक्यातून जात नाही. आधी जिम लावून वजन (७१ किलो) उतरवावं आणि मग रीतसर सुरू करावं, असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात एका सहकाऱ्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ऑक्टोबरअखेरचा, माहुली गडाजवळच्या वजीर सुळक्याचा बेत आला: 'अनुभवाची गरज नाही, आम्ही वर घेऊन जाऊ.' नवरा म्हणतो, या वयात हातपाय मोडून घेऊ नकोस. चढताना मंगळसूत्र काढून ठेवावं लागतं, हे सासूबाईंना खटकलंय. शिवाय उंचीची भीती लहानपणापासूनची. त्या विचारतात, 'मी या खेळातली आहे का? आणि वजीरला जाऊ का?'

प्रिय मैत्रीण,

स्कूटरच्या किल्लीचं ते वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. तुम्ही ते आपल्या अशक्तपणाचा दाखला म्हणून लिहिलंय. मला त्यात दुसरंच दिसलं. बोटं वळेनाशी होईपर्यंत तुम्हाला भिंत सोडवली नाही. पहिल्याच दिवशी, तेही ओढणी खोचून. 'मी या खेळातली आहे का' याचं उत्तर तुमच्या हातांनी मे महिन्यातच देऊन टाकलंय.

हात तसे का झाले, तेही सांगते. घाबरलेला माणूस धरायला मिळेल ते गरजेपेक्षा कितीतरी घट्ट धरतो. मनगट ते कोपर या भागातले स्नायू सारखे आवळलेले राहिले की त्यांना रक्त नीट पोचत नाही, हात दगडासारखे टणक होतात आणि बोटं ऐकेनाशी होतात. आमच्यात याला 'हात भरून आले' किंवा सरळ 'पंप झाले' म्हणतात. पहिल्या दिवशी हे सगळ्यांचं होतं. व्यायामशाळेत वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या मुलांचं तर फार लवकर होतं, कारण ती सगळी चढाई दंडाच्या जोरावर करू बघतात.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, आधी थोडक्यात: वजीरला या ऑक्टोबरात जाऊ नका.

तुम्हाला जमणार नाही म्हणून मी हे सांगत नाहीये. तिथे तुम्हाला जे करायला मिळेल, त्याला चढणं म्हणता येणार नाही, म्हणून सांगतेय. अशा बेतांत साधारण काय होतं ते बघा. गटातले दोघं-तिघं अनुभवी लोक खरी चढाई करतात, वर जाऊन दोर बांधतात. मग बाकीच्यांना एकामागून एक त्या दोरावरून वर घेतात. काही जण जुमार लावून वर सरकतात. जुमार म्हणजे दोरावर वर सरकणारी आणि खाली न घसरणारी पकड. स्वित्झर्लंडच्या जुसी आणि मार्टी या दोघांनी ती १९५८ साली बाजारात आणली, आणि त्यांच्याच आडनावांवरून तिचं नाव पडलं. काहींना तर वरून चक्क ओढून घेतात. वर पोचल्यावर झेंड्याबरोबर फोटो निघतो आणि रॅपलिंग करून, म्हणजे दोरावरून सरकत, सगळे खाली येतात. आनंद होतो, तो खोटाही नसतो. पण सगळा दिवस तुमचा जीव दुसऱ्याच्या दोरावर असतो आणि त्या दोराबद्दल तुम्हाला एका अक्षराची माहिती नसते. तो कुठे बांधलाय, कशाला बांधलाय, किती जुना आहे, कातळाच्या कडेवर घासतोय का, यातलं काही तुम्हाला विचारता येत नाही, कारण काय विचारायचं तेच अजून ठाऊक नसतं.

त्यात माहुलीचा वजीर. ज्या भागातले सुळके पाहून अनुभवी माणसाच्याही पोटात गोळा येतो, त्यातला हा एक. ट्रेकर मंडळी ज्याला 'दृष्टिभय' म्हणतात ते तिथे भरपूर आहे, म्हणजे प्रत्यक्ष चढाईपेक्षा पायाखालची मोकळी दरीच माणसाला जास्त हलवते. उंचीची भीती असलेल्या माणसाने पहिला नैसर्गिक कातळ म्हणून हा निवडला, तर बहुधा तोच शेवटचाही ठरेल. मी असे दोघं-तिघं पाहिलेत. सुळक्यावरून सुखरूप उतरले, फोटो लावला आणि पुन्हा कधी कातळाकडे फिरकले नाहीत. तुमचं तसं व्हावं असं मला वाटत नाही.

ऑक्टोबरअखेरही मला पटत नाही. आपला सह्याद्री बेसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचलेत. त्यातला एखादा थर लोखंडासारखा टणक असतो, तर त्याच्याखालचा मुरमाड, हाताला भुगा लागणारा. चार महिन्यांच्या पावसानंतर ज्या फटींत पाणी शिरलेलं असतं, तिथले दगड सैल झालेले असतात. गवताचे पट्टे वरून हिरवे दिसले तरी खालची माती निसटती असते, कड्यांना पाझर सुटलेला असतो. म्हणून जाणती मंडळी नोव्हेंबर सरल्यावर कातळाला हात लावतात आणि उन्हं तापायच्या आत, फेब्रुवारीच्या सुमारास, मोठ्या चढाया आटोपतात. उन्हाळ्याकडे आग्या मोहोळांची भीती वाढते ती वेगळीच. कड्यावर दोराला लटकलेल्या माणसाला मधमाश्यांपासून पळून जायला जागा नसते. अत्तर, डिओ लावून कड्याखाली जायचं नाही आणि तिथे धूर करायचा नाही, हा नियम त्यासाठीच आहे.

सह्याद्रीत एखादी पकड धरण्याआधी ती वाजवून बघतात. आपण बाजारात माठ घेताना टिचकी मारतो, अगदी तसंच. दगड खणखणीत वाजला तर धरायचा, बद्द वाजला तर हात दुसरीकडे न्यायचा. हे कान तयार व्हायला दोन-तीन हिवाळे जातात. ते कोणालाही व्हॉट्सअॅपवरून देता येत नाहीत.

आता तुमच्या पत्रातल्या त्या गृहीताकडे येते, जे मला सगळ्यात जास्त बोचलं: 'आधी वजन उतरवते, ताकद कमावते, मग सुरू करते.' हे वाक्य मी गेल्या वीस वर्षांत बायकांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलंय आणि त्यातल्या बहुतेक जणींचं 'मग' कधीच आलं नाही. चढाईसाठी लागणारी ताकद चढूनच येते. ट्रेडमिलवर पळून बोटं तयार होत नाहीत.

घरात माळ्यावरचं काही काढायला शिडीवर चढता तेव्हा तुम्ही हातांनी स्वतःला वर ओढता का? नाही. पायाने वर जाता, हात फक्त तोल सांभाळतात. भिंतीवरही हेच करायचं असतं, पण भीतीपोटी सगळे उलटं करतात. पुढच्या वेळी तीन गोष्टी करून बघा. पाय ठेवताना तळव्याच्या मध्यावर ठेवू नका, अंगठ्याच्या बाजूवर ठेवा, आणि तो बसेपर्यंत नजर पायावरून काढू नका. हात शक्यतो सरळ ठेवा, कारण कोपरात वाकवलेला हात लगेच थकतो, तर सरळ हातावर वजन हाडांवर लोंबतं. आणि कंबर भिंतीला चिकटवा. बहुतेक नवखे भिंतीपासून लांब, खुर्चीत बसल्यासारखे लटकतात आणि सगळा भार बोटांवर येतो. एवढं केलंत तर मे महिन्यात जिथे अडकलात, त्याच्या वर सहज जाल. ७१ किलो वजनासकट.

कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटन या सुमारे ३००० फुटी ग्रॅनाइटच्या कड्यावर 'नोज' नावाचा प्रसिद्ध मार्ग आहे. वजन दोरावर किंवा मेखांवर न टाकता, फक्त हातापायांनी तो पूर्ण चढून जाणं अशक्य आहे, असंच वर्षानुवर्षं मानत होते. १९९३ साली ते पहिल्यांदा जमलं लिन हिल या बाईला. उंची पाच फूट दोन इंच. पुरुषांमधलेही सगळे तिच्यानंतरचे. तुम्ही नोज चढावा असं माझं म्हणणं नाही. पण 'ताकद म्हणजे दंड' हे समीकरण या खेळात फार काळ टिकत नाही, एवढं लक्षात असू द्या.

ताकदीबाबत एक सावधगिरी मात्र हवी. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण बोटांमधले कंडरे, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, तयार व्हायला कित्येक महिने घेतात. तिसऱ्या महिन्यात अंगात जोर आल्यासारखा वाटतो आणि नेमका तेव्हाच बोटाला दुखापत होते. आठवड्यातून दोनदाच चढा, मध्ये निदान दोन दिवस जाऊ द्या, आणि बोटांवर लटकायचे व्यायाम पहिलं वर्षभर करूच नका. आपल्या वयात हे जास्तच पाळावं लागतं.

भीतीबद्दल. गच्चीच्या कठड्याशी उभं राहिल्यावर पोटात खड्डा पडतो की डोळ्यांसमोर सगळं गरगरतं, हे आधी स्वतःला विचारा. नुसतं गरगरत असेल, जमिनीवर मान वळवतानाही तसं होत असेल, तर तो कानाचा किंवा मानेचा दोष असू शकतो. डॉक्टरांना दाखवूनच पुढे जा. पण पोटात खड्डाच पडत असेल, तर ती भीती शाबूत आहे ही चांगलीच गोष्ट आहे. माझी अजून शाबूत आहे. ती जात नाही, पण तिचं ओझं कमी होतं. ते कमी करायचा माझ्या माहितीतला उत्तम उपाय म्हणजे ठरवून पडणं. वरून बांधलेला दोर असताना चार-पाच फूट चढा, खालच्या माणसाला सांगा आणि हात सोडा. मग आठ फुटांवर सोडा. चढाईचा दोर जरासा ताणणारा असतो, झटका बसत नाही, पाळण्यात बसल्यासारखं होतं. पहिल्या दिवशी दहा वेळा पडा. तुमच्या मनाला उंचीपेक्षा 'हात सुटला तर काय' याचीच जास्त धास्ती असते, आणि त्याचं उत्तर मिळालं की ते बरंचसं निवतं.

आणि हात सुटला तर तुम्हाला धरणारं जे कोणी खाली उभं असतं, त्याच्याविषयीच मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

मी चौतिसाव्या वर्षी सुरुवात केली, मुंब्र्याच्या डोंगरातल्या मोठ्या दगडांवर. मुंबईतल्या कितीतरी चढणाऱ्यांचे हात तिथेच आणि बेलापूरला घडले. पहिल्या रविवारी मी नवे बूट घालून, तयारीने गेले. आमच्या सरांनी दिवसभर मला कातळाला हात लावू दिला नाही. माझ्या कमरेला हार्नेस, म्हणजे दोर जोडायचा पट्टा, बांधला, बिलेच्या (चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळायच्या) यंत्रातून दोर ओवला आणि माझा उजवा हात धरून तो दोराच्या खालच्या टोकावर ठेवला. म्हणाले, 'हा हात. नाकावर माशी बसली तरी हा सुटायचा नाही.' वर एक कॉलेजातली मुलगी चढत होती. ती वर सरकली की मी ढील आत घ्यायची: डावा हात ओढतो, उजवा खाली जातो, डावा उजव्याच्या खाली धरतो, उजवा वर सरकतो, आणि या सगळ्यात उजव्याची मूठ दोरावरून क्षणभरही उघडत नाही. दुपारपर्यंत माझी मान वर बघून आखडली. दुसऱ्या रविवारीही तेच. मला खूप राग आला होता. पैसे भरून मी दुसऱ्याचा दोर सांभाळत होते.

तिसऱ्या रविवारी तीच मुलगी वरच्या टोकाशी असताना तिचा पाय घसरला. आवाजसुद्धा झाला नाही. माझ्या कमरेला एक ओढ बसली, टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या, दोर ताठ झाला आणि ती माझ्यापासून तीसेक फुटांवर हवेत झुलत राहिली. माझ्या उजव्या मुठीत तिचं सगळं वजन होतं. ती हसून ओरडली, 'थँक्यू ताई!' आणि पुन्हा कातळाला लागली. मी मात्र दिवसभर त्या मुठीकडे बघत होते. त्या दिवशी मी चढणारी झाले, असं मी आजही मानते, आणि तोवर मी कातळावर पाच फूटही चढले नव्हते.

दुसरी बाजूही पाहिलीय. काही वर्षांपूर्वी, शेजारच्या एका गटात, दोर धरणाऱ्या मुलाने फोन वाजला म्हणून खालचा हात क्षणभर सोडला. वरचा मुलगा त्याच वेळी सुटला आणि जमिनीवर आपटला. टाचेचं हाड मोडलं. बरा झाला, पण त्याच्या चालण्यात अजून फरक आहे. तो मुलगा चढण्यात तरबेज होता, कातळही सोपा होता. चूक पूर्णपणे जमिनीवर झाली.

म्हणून माझा आग्रह आहे की आधी दोर धरायला शिका. तुम्ही ज्या कोणत्या भिंतीवर जाल, तिथे पहिल्या दिवशी सांगा, 'मला बिले शिकवा.' चढणाऱ्याची आठाची गाठ हार्नेसच्या ज्या दोन जागांतून जायला हवी त्या दोन्हींतून गेलीय का, गाठीच्या पुढे वीतभर शेपूट उरलंय का, हार्नेस कमरेच्या हाडाच्या वर आवळलाय का, कॅराबिनरचं, म्हणजे दोर जोडायच्या धातूच्या कडीचं, कुलूप लागलंय का, यंत्रात दोर बरोबर बाजूने गेलाय का, हे दर खेपेला एकमेकांचं तपासायचं. वीस वर्षं चढणारेही तपासतात, आणि जे 'आपल्याला काय गरज' म्हणतात त्यांच्या दोरावर मी चढत नाही. तुम्हीही चढू नका.

हे शिकलात की वजीरच्या त्या ग्रुपला काय विचारायचं तेही आपोआप कळेल. एका प्रशिक्षित माणसामागे नवखे किती? प्रत्येकाला हेल्मेट आहे का? आघाडीला चढणारा ताणणारा दोर वापरतो की रॅपलिंगचा न ताणणारा दोरच सगळीकडे चालवतात? दोर किती वर्षांचा आहे, त्याने किती झटके खाल्लेत, याची नोंद कोणी ठेवतं का? कोणी जखमी झालं तर खाली आणायचं कसं आणि कुठल्या इस्पितळात न्यायचं, हे आधी ठरलंय का? हवा बिघडली तर परत फिरणार का आणि पैशांचं काय? आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, त्यांनी तुम्हाला तुमच्या अनुभवाबद्दल, तब्येतीबद्दल काही विचारलं का? 'अनुभवाची गरज नाही' असं जे सुळक्याबाबत सांगतात, त्यांनी तुमच्याकडे अजून नीट बघितलेलंही नाही.

घराबद्दल. तुमचे यजमान 'हातपाय मोडतील' म्हणतात, ते तुम्हाला आडकाठी वाटतं. मला वाटतं ते त्यांचं भय आहे, आणि त्यांना या खेळाचं चित्र बातम्यांतल्या अपघातांपलीकडे ठाऊक नाही. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना भिंतीवर घेऊन जा. त्यांनाही दोर धरायला शिकू द्या. ज्या माणसाच्या मुठीत बायकोचं वजन आलं, तो घरी येऊन 'हे धोक्याचं आहे' म्हणत नाही, तर 'तू गाठ नीट बघत जा' म्हणतो. मी हे तीन-चार घरांत घडलेलं पाहिलंय. एक मात्र त्यांच्याबरोबर बसून करा: तुमच्या अपघात विम्याची कागदपत्रं वाचा. बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात.

सासूबाईंच्या मंगळसूत्राचा मुद्दा तुम्ही पत्राच्या शेवटी, जरा संकोचाने लिहिलाय. तो क्षुल्लक नाहीये. त्यांना सरळ कारण सांगा. भिंतीवर अंगठी एखाद्या पकडीत अडकली आणि पाय सुटला, तर सगळं वजन त्या बोटावर येतं, कातडी सोलून निघते, बोट गमवायची वेळ येते. गळ्यातलं दोराच्या यंत्रात ओढलं जाऊ शकतं, मोकळी वेणीही तशीच. म्हणून केसांचा घट्ट अंबाडा, अंगठी-बांगड्या-मंगळसूत्र घरी, ओढणी नाही, जरा सैल ट्रॅकपँट आणि टी-शर्ट. माझ्या सासूबाईंनाही हे पटायला वेळ लागला होता. मग त्यांनीच सुचवलं की निघताना मंगळसूत्र देवघरातल्या डबीत ठेवत जा आणि आल्यावर मी देईन. पुढे कितीतरी वर्षं रविवारी संध्याकाळी त्या ती डबी हातात घेऊन दाराशी उभ्या असायच्या. तुमच्या घरी हे असंच जमेल असं नाही, पण त्यांना या गोष्टीत काहीतरी काम द्या. लांबून काळजी करणाऱ्याला जवळचं काम मिळालं की ती काळजी जराशी हलकी होते.

आता पुढचं वर्ष कसं घालवाल ते सांगते. हे तुमच्यासारख्या इतर वाचकांनाही उपयोगी पडेल. मार्चपर्यंत मुख्यतः भिंतीवरच राहा, आठवड्यातून दोनदा. बूट तिथे भाड्याने मिळतात, सुरुवातीला काही विकत घेऊ नका. तीन महिन्यांनंतरही जात असाल तर आधी बूट घ्या, मग हार्नेस. दोर घ्यायची घाई नको, आणि कोणाचा वापरलेला दोर तर फुकटही घेऊ नका, त्याने काय सोसलंय ते वरून दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या जुन्या गिर्यारोहण संस्थेचा प्राथमिक प्रस्तरारोहणाचा वर्ग करा. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक इथल्या जुन्या संस्था हिवाळ्यात असे वर्ग घेतात, त्यात गाठी, बिले, रॅपलिंग आणि छोट्या नैसर्गिक कातळावरची चढाई शिकवतात. संस्था निवडताना त्यांचे फोटो कमी बघा आणि एक दिवस नुसतं बाजूला उभं राहून त्यांचं काम बघा. बिले धरणारे वर बघतायत की गप्पा मारतायत, तेवढ्यावरून बरंच कळतं.

बोल्डरिंगही करून बघा. ते दोराशिवाय, फार उंच नसलेल्या दगडांवर चालतं, खाली जाड गादी असते. उंचीची भीती असलेल्यांना ते फार सोयीचं पडतं. आपल्याकडे ते किती रुजलंय याची अनेकांना कल्पना नसते. २०१६ आणि २०१७ साली गिरिविहार या गिर्यारोहण संस्थेच्या पुढाकाराने बोल्डरिंगच्या विश्वचषकाचा टप्पा नवी मुंबईत झाला होता. लांब जायची तयारी असेल तर पुढच्या हिवाळ्यात बदामीला जा. तिथला लाल वालुकाश्म हाताला इतका विश्वासाचा लागतो की सह्याद्रीच्या माणसाला पहिल्यांदा खरंच वाटत नाही.

ज्यांना महिनाभराची रजा मिळू शकते अशा तरुण वाचकांनी दार्जिलिंगच्या (स्थापना १९५४) किंवा उत्तरकाशीच्या (स्थापना १९६५) गिर्यारोहण संस्थेचा प्राथमिक अभ्यासक्रम जरूर करावा. हिमालयात नेण्याआधी तिथेही पहिले धडे कातळावरच गिरवायला लागतात, दार्जिलिंगला तेनझिंग रॉकवर, उत्तरकाशीला तेखल्याच्या दगडांवर. ज्यांच्या गावात भिंतच नाही त्यांनी जवळच्या ट्रेकिंग संस्थेशी नाव जोडावं, घरी आठाची गाठ डोळे मिटून बांधता येईपर्यंत बांधावी, आणि एकट्याने गडाच्या रॉकपॅचवर, म्हणजे वाटेतल्या उभ्या कातळाच्या टप्प्यावर, सराव करायला जाऊ नये. वर जाता येतं, पण उतरताना पाय ठेवायची जागा दिसत नाही, आणि लोक अडकतात ते बहुतेक वेळा उतरतानाच. अशांना सोडवायला लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची मुलं स्वतःची कामं टाकून रात्री-अपरात्री धावतात.

तुमच्या मुलीचा पत्रात ओझरता उल्लेख आहे. शिबिर संपल्यावर तिचं काय झालं? ती अजून जाते का? जात असेल तर तुमचा अर्धा प्रश्न सुटलाच. तिला विचारा, 'मला दोर धरायला शिकवशील?' तेरा वर्षांच्या मुलीला आईला काही शिकवायची संधी रोज मिळत नाही. मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय तिने एकटीने बिले करू नये एवढंच पाळा.

वजीर कुठे जात नाही. दोन हिवाळे भिंत आणि छोटे कातळ झाले, तुमच्या हातून दहा-वीस जणांचं पडणं अलगद झेललं गेलं, की त्या ग्रुपचा बेत पुन्हा येईल. तेव्हा वर दोर कोण बांधतंय ते तुम्हीच जाऊन बघाल आणि मग ठरवाल.

या रविवारी भिंतीवर जाणार असाल तर आदल्या रात्री नखं बारीक कापा. मे महिन्यात बोटं सुटायला लागली तेव्हा थोडा हात त्यांचाही असावा.